जो पोहेल तो नापास

मी साताऱ्याकडचा. पाठीला वाळका भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलो. तेवढ्या भांडवलावर सरकारने मला नव्वदच्या दशकात बेलापूरच्या कोळीवाड्यात पाठवलं, समुद्रात जीव कसा वाचवायचा हे कोळ्यांना शिकवायला! माशाच्या पिलाला पोहायला शिकवायला साहेब निघाले म्हणून ऑफिसात माझी यथेच्छ टिंगल झाली.

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. पहिल्याच दिवशी पाहिलं तर सरकारने वाटलेली लाइफ जॅकेटं एकाही बोटीवर नाहीत. सगळी घरोघरी कपाटावर, प्लास्टिकसकट! "नवीन हायत साहेब, खाऱ्या पान्यान खराब व्हतील." एका बोटीच्या तांडेलांच्या घरी तर बायकोने जॅकेटला चक्क हळदकुंकू वाहिलेलं. मी तिथेच हसलो, आणि बाहेर येऊन चिडलो. चिडलो की मी फार शुद्ध मराठी बोलतो आणि मग माझं कोणी ऐकत नाही.

ऐकायचे ते तांडेलांचं. तांडेल म्हणजे बोटीचे म्होरके, साठीचे, आवाज असा की धक्क्यावरची कुत्रीसुद्धा गप्प बसावीत. ते जॅकेटला हात लावेनात, म्हणून कोणीच लावेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी निघालो तर ते वाटेत उभे.

"उद्या पान्यान उडी मारायची हाय ना?"

"हो. भरती आली की धक्क्यावरून."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मना पवता येत नाय."

मला आधी थट्टाच वाटली.

"चालीस वर्सं बोट हाकली, पन कदी पवलो नाय. बायकोला म्हायत हाय, नी आता तुमाला. लोकांना कलला तं माजा शबूद कोन ऐकल? मी उद्या येत नाय."

ते आले नाहीत तर कोणीच येणार नव्हतं, आणि जॅकेटं कपाटावरच राहणार होती. मी त्यांना माझ्या भोपळ्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, "तुम्ही फक्त या. बाकी माझ्यावर सोडा." सोडा म्हणालो खरा, पण करणार काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी सगळा कोळीवाडा धक्क्यावर लोटला. तांडेलही आले होते. त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला सुचलं. "आज परीक्षा जॅकेटची आहे, तुमची नाही," मी ओरडलो. "हात छातीवर बांधायचे. जो पोहेल तो नापास!" असा नियम कुठल्याही परिपत्रकात नव्हता.

तांडेलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि उडी घेतली. पाणी त्यांच्यावर मिटलं. मग नारिंगी जॅकेट वर आलं, मागोमाग टक्कल. हाताची घडी तश्शीच! पाणी त्यांना गोल गोल फिरवत होतं आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

बाकीच्यांनी धडाधड उड्या मारल्या. पट्टीचे पोहणारे सवयीने हात मारू लागले. "नापास! पुन्हा उडी!" मी ओरडत होतो आणि धक्क्यावरच्या बायका पोट धरून हसत होत्या. तांडेल काही वर येईनात. शेवटी बायको ओरडली, "आता येताव का जेवान थंड करताव?"

ते निथळत वर आले आणि माझ्या अपेक्षेबाहेरचं बोलले. सगळ्यांसमोर. "मना पवता येत नाय. कदी येतच नवता. तरी बगा, वर रायलो."

कोणी हसलं नाही. मग दुसऱ्या बोटीचे तांडेल, यांचे जन्माचे वैरी, खाली बघत म्हणाले, "मना पन नाय." मागे आणखी एक हात वर झाला. मग आणखी एक. नोकरीत मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बोटी निघताना मी मुद्दाम गेलो. तांडेलांची बायको धक्क्यावर उभी राहून, सगळ्यांदेखत, त्यांच्या जॅकेटचे बंद आवळत होती. जॅकेट तेच, छातीवर कुंकवाचा डाग असलेलं. तिने ते हळदकुंकू का वाहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. "घट्ट बांद," तांडेल म्हणाले.