मशीन जुन्याच गोठ्याकडे गेली

माझी लेक संगणकाचं काम करते, एवढंच मी लोकांना सांगते. चौथी शिकलेल्या बाईने पुढचं काय सांगायचं? पण त्या सकाळी तिच्या मागे बसून जे पाहिलं ते विसरायला नको, म्हणून लिहिते.

नवी मुंबईत एका बँकेचा कपाटाएवढा संगणक आहे. त्याला मेनफ्रेम म्हणतात. त्याच्या पोटात पुष्कळ मशिनी आहेत, पण त्यांना अंग नाही. कपाट उघडून हात घातला तरी त्यातली एकही हाताला लागायची नाही, आणि तरी प्रत्येक मशीन आपापलं काम करते. लेक आमच्या पोलादपूरच्या घरातून त्यांची देखभाल बघते. घरून काम करायची परवानगी तिने फार विनवण्या करून मिळवली होती.

त्या सकाळी त्यातली एक मशीन उठेना, आणि दहाला बँक उघडणार होती. फोनवर तिच्या मॅडम म्हणाल्या, "घरून जमत नसेल तर सोमवारपासून ऑफिसला ये." माझे तांदूळ सुपातच राहिले.

ह्यांनी दारातून विचारलं, "मशीन नवी मुंबईत नि डॉक्टर पोलादपुरात. नाडी कशी बघतेस गो?"

"बाबा, गप बसा जरा."

काळ्या पडद्यावर ओळी भराभर उतरत आणि एका जागी थांबत. तिने पुन्हा उठवून पाहिलं, पुन्हा तिथेच. मग ती शेवटच्या ओळी सावकाश वाचत बसली. मला वाटलं, घाबरली.

न राहवून मी विचारलं, "मेली का ती?"

ती हसली. "नाय गो आये. जागी होते, पण तिचं सगळं सामान ज्या डिस्कवर हाय, ती सापडत नाय तिला. काल आम्ही डिस्क हलवली. तिला जुनाच पत्ता ठाऊक. आपली तांबडी गाय आठवते? दरडीच्या भीतीने वाडी खाली आणली, तरी संध्याकाळी वरच जायची. रिकाम्या जोत्यापाशी उभी राहायची."

तेव्हा ही माझा पदर धरून गाय आणायला यायची. तिच्या एवढं लक्षात असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मग आता?"

"बंद मशिनीत शिरता येत नाय. तिची डिस्क शेजारच्या चालू मशिनीला जोडते. तिथून आत नवा पत्ता लिहिते, नि डिस्क परत देते."

तिने तसंच केलं. ना पाना, ना तेल, ना ठोकाठोक. एवढ्या लांबच्या, अंग नसलेल्या मशिनीच्या आत ही आमच्या पडवीत बसून शिरली होती, आणि बाहेर शेजारची कोंबडी दाणे टिपत होती.

मग तिने मशीन उठवली. ओळी त्या नेहमीच्या जागेपाशी आल्या आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ओळी पुढे वाहत होत्या.

"आली घरी," लेक म्हणाली.

मॅडमचा फोन आला. "चालू झालं. सोमवारचं राहू दे."

"नाडी सापडली वाटतं!" हे म्हणाले, आणि चहा मागितला.

सोमवारी ती कामाला बसली तशी मी सूप घेऊन तिच्या मागे जाऊन बसले. तिने पडदा माझ्याकडे थोडा वळवला.