नसीमनं शोधलेली सावली

नसीमच्या रुखसाना भाभीचा फोन आला तेव्हा मी थळच्या शाळेत व्हरांड्यात वह्या तपासत होते. "सुजाताबाय, नसीम गेली गो…" एवढंच ती बोलली. कुठे गेली, असं मी चक्क विचारलं. सकाळी कामावर निघालेली नसीम दारातल्या पायरीवर चप्पल घालायला बसली आणि तिथेच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. अलिबागला जाऊन मी मुरुडची एसटी धरली. रेवदंड्याचा पूल, काशीदची सुरूची झाडं, नांदगावच्या वाड्या… सगळं आवाज बंद केल्यासारखं खिडकीबाहेरून सरकत राहिलं. घरी पोचले तर आत बायका कुराण वाचत होत्या आणि अब्बा, नसीमचे वडील, खुर्चीत बसून दाराकडे बघत होते.

आम्ही दोघी मुरुडच्याच. माझं घर बौद्धवाड्यात, तिचं मोहल्ल्यात, आणि शाळेत बाक एक. स्टँडजवळ अब्बांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याची शेड, दाराला निळा पडदा. मुलींनी तिथे जायची रीत नव्हती, म्हणून दुपारी दुकान बंद असताना अब्बा आम्हाला आत घ्यायचे. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडलेले असायचे आणि कोपऱ्यात एक मशीन एकटंच उजळून बसलेलं असायचं. त्यात समुद्र होता, बेटं होती आणि पाण्यावर उतरणारं एक छोटं विमान. डाव्या हातानं दांडा हलवायचा, उजव्यानं बटण दाबायचं. दांड्यानं विमान खाली आणायचं, नेमक्या क्षणी बटण दाबलं की ते पाण्यावर टेकायचं. मी दर वेळी बुडायचे. अब्बा मागून म्हणायचे, "विमान नको बघूस, बेटी. पाण्यावरची सावली बघ. दोघं भेटली की उतरलीस." मग ती फिकी, पाण्यात विरघळल्यासारखी सावली वर वर येत विमानाला मिळायची… घरी जाताना खराखुरा समुद्र दिसला की तोही मला पडद्यावरच्यासारखा वाटायचा.

पुढे दुकान बंद पडलं. मशीन खाऱ्या हवेनं गंजलं. नसीम मुरुडच्या एका शाळेत संगणक शिकवायला लागली. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर हसून विषय बदलायची. दोन-तीन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. हां, न्हाय आणि अजून चार शब्द तेवढे उरले. दिवसभर ते भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा नसीमला तो गेम आठवला. गंजलेल्या मशीनमधली सर्किटची पाटी तिनं जपून ठेवली होती. त्यातला गेम एका जाणकाराकडून उतरवून घेतला आणि घरच्या जुन्या संगणकावर एम्युलेटर बसवला. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. दांडा आणि बटण मात्र जुनंच जोडलं. अब्बांनी डाव्या हातानं दांडा धरायचा आणि बटण नसीमनं दाबायचं, असं ठरलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले तेव्हा पडद्यावर समुद्र आडवा पडला होता आणि गुलाबी झाला होता. नसीम हसत होती. "बघ सुजे, दर्या कुशीवर झोपलाय." चित्र उभं करणं सोपं निघालं. रंगांची फाईल चुकीची होती, ती बदलल्यावर पाणीही निळं झालं. अब्बांचा डावा हात दांड्यावर स्थिरावला. बेटं मागे सरकू लागली… आणि विमान उतरताना बुडालं. पुन्हा बुडालं. अब्बा दांडा सोडून विमानाखालच्या रिकाम्या पाण्यावर बोट ठेवून "न्हाय, न्हाय" म्हणायला लागले. भाभी हळूच म्हणाली, "त्यांना नाय ते दिसतंय हल्ली." अब्बांनी ते ऐकलं. मान खाली घातली, आणि मग दोन दिवस ते त्या खोलीत आलेच नाहीत.

मलाही भाभीचंच खरं वाटलं होतं. नसीमला वाटलं नाही. "अब्बांना नाय ते दिसत नाय गो," ती म्हणाली. "हाय ते दिसत नाय म्हणून सांगतायत. सावली कुठंय?" खरंच, विमानाला सावलीच नव्हती. आम्ही दोघींनी तोच गेम खेळून आमचं लहानपण घालवलं, पण आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मग सुट्टीभर दुपारी आम्ही त्या खोलीत बसायचो. बाहेर माडांच्या झावळ्या हलायच्या, त्यांचा उजेड-अंधार भिंतीवर फिरायचा आणि नसीम एकेक सेटिंग बदलून बघायची. एकदा विमानच गेलं, नुसती बेटं राहिली. एकदा ढग पाण्याच्या खाली गेले. शेवटी ती गेम थांबवून एकेक चित्र पुढे सरकवायला लागली. एका चित्रात सावली होती, पुढच्यात नव्हती, त्याच्या पुढच्यात पुन्हा होती. जुन्या मशीनला फिकट सावली काढता येत नसे, म्हणून बनवणाऱ्यांनी ती एक चित्र सोडून एक काढली होती. भराभर चित्रं सरकली की डोळ्याला ती विरळ दिसायची. इकडे संगणक अडखळू नये म्हणून नसीमनं एकाआड एक चित्र गाळायची सोय चालू ठेवली होती. आणि नेमकी सावलीचीच चित्रं गळत होती.

"म्हणजे ती होती गो सारखी," नसीम म्हणाली. "आपण बघायचो तेव्हाच नसायची…"

चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून लावलेली फिल्टरं तिनं काढून टाकली, संगणकावरचा भार कमी केला, गाळणं बंद केलं. समुद्र खडबडीत झाला, कडा टोचऱ्या झाल्या. पण विमानाखाली पाण्यावर काहीतरी थरथरलं. ती अब्बांना हात धरून घेऊन आली. काही सांगितलं नाही, नुसतं बसवलं. अब्बा बराच वेळ बघत राहिले. मग दांडा धरला, नसीमनं बटण दाबलं, आणि विमान अलगद उतरलं. अब्बा दारातल्या भाभीकडे वळून म्हणाले, "हां." त्या एका शब्दात त्यांनी स्वतःला परत मिळवलं होतं. नसीम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी अब्बा "चल" म्हणायचे आणि बापलेक खेळायचे.

नसीम गेल्यावर काही आठवड्यांनी मी पुन्हा मुरुडला गेले. भाभी म्हणाली, "संगणकावर चादर टाकलीय. ते आत जातात, बघतात, येतात." अब्बा माझ्याआधीच उठले. मी चादर काढली, गेम लावला आणि नसीमच्या जागी बटणाशी बसले. मला तो क्षण साधेना. मी लवकर दाबायचे, नाहीतर उशिरा. विमान बुडत राहिलं. माझे डोळे भरून आले, पडदाच दिसेनासा झाला. तेव्हा अब्बांनी दांडा सोडला. माझा हात धरून त्यांनी तो दांड्यावर ठेवला, खुर्ची सरकवायला लावली, आणि आपला डावा हात बटणावर ठेवला.

मी विमान बेटांवरून नेलं. मग हळूहळू खाली आणलं. अब्बा पडद्याकडे बघतही नव्हते, डोळे मिटून बसले होते. आणि नसीम जिथं दाबायची, बरोबर तिथंच त्यांनी दाबलं.

पाणी हललं, विमान थांबलं. अब्बांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि उरलेल्या शब्दांतला एक काढून म्हणाले, "चल."