गावित मॅडमचं तुर्कस्तान

गावित मॅडम इतिहास राजधानीपासून सुरू करत नसत. तुर्कस्तानचं स्वातंत्र्ययुद्ध आलं की फळ्यावर अनातोलियातलं एखादं डोंगरी खेडं काढायच्या आणि विचारायच्या, "इथं बातमी काय पोचली असेल, सांगा."

त्या पेठ तालुक्याकडच्या. भात-नागलीच्या घरातून शिकून नाशिकला आमच्या कॉलेजात आलेल्या. बोलणं प्रमाण, पण चिडल्या की गावाकडचं.

मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे सहकारी. विभागाच्या पाठ्यपुस्तकातलं तुर्कस्तानचं प्रकरण त्यांच्याकडे होतं. विभागप्रमुखांनी त्यात एक वाक्य घातलं: 'काही गद्दार गावांनी अंकाराच्या राष्ट्रीय सरकारविरुद्ध बंड केले.' बैठकीत मॅडम उठल्या.

"सर, राजधानीतल्या सुलतानाकडचा फतवा म्हणतो, अंकारात वेगळं सरकार मांडणाऱ्यांना मारा. अंकाराचा फतवा म्हणतो, सुलतानाचा फतवा मानू नका. दहा वर्षं लढायांत पोरं गेलेली. आता पुन्हा पोरं मागतात, बैलं मागतात. नाय म्हटलं की गद्दार?"

"पुस्तक परीक्षेसाठी आहे, मॅडम."

"मग माझं नाव काढा."

नाव निघालं. प्रकरण मी पूर्ण केलं, त्या वाक्यासकट. मला नोकरीत कायम व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती. त्यांनीच जेवणाचा डबा पुढे सरकवला.

"तू भ्यालीस. ती गावंही भ्याली होती. त्यांना समजून घेते, तर तुला नको?"

गेल्या वर्षी नव्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त मॅडम इंदिरानगरला राहत होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. मी प्रकरण नव्याने लिहिलं, 'गद्दार' काढला, बंडखोर गावांवर चार पानं घातली आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"लय छान. पण ह्या गावांनीही माणसं मारली, शेजारची गावं लुटली. ते कुठंय?"

"मला वाटलं, तुम्हाला..."

"मला खूश करायला इतिहास लिहितेस? परकी फौज देशात शिरलेली. अंकाराला थांबायला वेळ होता का? तेही लिही. कोणालाच स्वस्तात सोडू नको."

मी तिथेच, त्यांच्या उशाशी बसून अर्धं पान खोडलं आणि नवं लिहिलं. ते वाचून त्या म्हणाल्या, "हं. आता पोरं भांडतील."

पंधरवड्याने त्या गेल्या.

यंदा ते प्रकरण शिकवलं. तास संपला तरी वर्ग उठेना. निम्मी मुलं गावांच्या बाजूने, निम्मी अंकाराच्या. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना हात जोडून पाच मिनिटं मागितली.