टीचर्स रूममधला सफरचंदाचा केक

दूध आटवायला ठेवलं की पातेल्याच्या कडेला खरवड धरते. कुणी मुद्दाम धरवत नाही, आपोआप धरते. आमच्या मुलींच्या शाळेच्या टीचर्स रूममध्ये किस्से असेच धरले. चार बायकांनी एका टेबलाभोवती रोज डबे उघडायचे, तेही दहा-अकरा वर्षं, म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण गंमत अशी, की मागं वळून बघते तर निम्म्याहून जास्त किस्से एकाच पदार्थाभोवती. तो पदार्थ म्हणजे मार्थाबाईंच्या घरचा सफरचंदाचा केक!

मार्थाबाई शिवण आणि गृहशास्त्र शिकवायच्या. मूळच्या कोडोलीच्या, ख्रिस्ती. राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन आईबरोबर राहायच्या. आई म्हणजे रूथमावशी. त्यांनी तरुणपणी एका मडमेच्या घरी स्वयंपाक केला होता. मडम गेली विलायतेला आणि केक राहिला मावशींच्या हातात. इंदिराबाई संस्कृतच्या. मी कुसुम, गणिताची. आमच्या हेडमिस्ट्रेसना सगळी शाळा ‘मोठ्या बाई’ म्हणायची. आणि शिपाई बंडूमामा, पेठ वडगावचे. झाली ओळख. आता ऐका.

•

मार्थाबाई नव्यानंच शाळेत लागल्या होत्या. एकोणपन्नास-पन्नासची गोष्ट. नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांनी मंडईत सहा सफरचंदं घेतली. त्या काळी कोल्हापुरात सफरचंद म्हणजे आजारी माणसाचं फळ. धडधाकट माणूस पेरू खायचा.

फळवाल्यानं तागडी हातात धरूनच विचारलं, “कोण आजारी हाय, बाई?”

“कुणी नाही हो.”

“सहा घेताय, म्हंजे लईच हाय की!”

मागं बंडूमामा कोथिंबीर घेत उभे होते. एवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी नाताळ. शाळा चालू, पण मार्थाबाईंची रजा. बंडूमामांनी टीचर्स रूमच्या दारात उभं राहून जाहीर केलं, “मार्थाबाईंची आई जात्या आता. एका सपरचंदानं माणूस उठून बसतंय. हितं सहा नेली!”

मोठ्या बाईंनी मला आणि इंदिराबाईंना मधल्या सुट्टीत पिटाळलं. बरोबर फ्लास्कमध्ये भाताची पेज. आम्ही तोंडं पाडून दार वाजवलं. दार उघडलं एका ठणठणीत बाईनं, कोपरापर्यंत पीठ माखलेलं.

“मार्थाबाईंच्या आई कशा आहेत?” मी हळू आवाजात विचारलं.

“मीच की! का?”

इंदिराबाईंना खोटं बोलता येत नसे. “आम्हाला कळलं होतं, की अगदी शेवटचं...”

रूथमावशींनी फ्लास्ककडं बघितलं, आमच्या तोंडांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “आलाय तर बसा. पर मराया अजून येळ हाय. केक आधी हुईल!”

•

मार्थाबाईंनी गृहशास्त्राच्या तोंडी परीक्षेत आठवीच्या मुलींना प्रश्न घातला होता, “केक नीट भाजला गेला, हे कसं ओळखाल?”

उत्तर शिकवलेलं होतं. स्वच्छ काडी मधोमध खुपसायची, कोरडी बाहेर आली की झाला. सगळ्या मुलींनी काडी खुपसली. शिवाजी पेठेतली एक मुलगी मात्र ठामपणे म्हणाली, “बाई, शेजारच्या काकू ‘सहज आले होते’ म्हणत आल्या, की झाला!”

मार्थाबाईंनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. मोठ्या बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “काडी एखाद्या वेळी चुकते, बाई. शेजारीण नाही चुकत.”

•

साखर तेव्हा रेशनवर. एका वर्षी मार्थाबाईंचा वाढदिवस आला आणि घरात साखर म्हणाल तर डब्याच्या तळाला चिकटलेली तेवढीच. टीचर्स रूममध्ये त्या उदास बसल्या होत्या. घंटेचा टोल देऊन बंडूमामा आत आले.

“काय झालं?”

“साखर नाही, मामा. केक कशाचा करू?”

बंडूमामांचा चेहराच बदलला. “गुळाच्या गावात बसून साखरंसाठी रडताय व्हय? गप ऱ्हावा.” आणि दुसऱ्या दिवशी वडगावच्या गुऱ्हाळावरून ताज्या गुळाची अख्खी ढेप खांद्यावर घेऊन हजर!

रूथमावशींना हे मुळीच पसंत नव्हतं. मडमेनं शिकवलेल्या केकात गूळ? पण लेकीसाठी तयार झाल्या. गूळ चिरला, लोण्यात फेसला, सफरचंद किसून घातलं. केक निघाला तो रंगानं काळासावळा, पण इतका ओलसर, की बोट लावलं तर बोटाला चिकटून यावा. आम्ही सगळे मावशींच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. 

मग बंडूमामांकडं वळून म्हणाल्या, “हे त्या मडमेला आधी कळलं असतं ना, तर इंग्रज गेलंच नसतं!”

•

इतकं असूनही इंदिराबाईंनी तीन वर्षं त्या केकाला हात लावला नव्हता. अंडं! त्यांच्या माहेरी-सासरी ते नावही उच्चारत नसत. केकचा डबा उघडला की त्या आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी जायच्या. त्यांच्या मनात मार्थाबाईंविषयी वाकडं काही नव्हतं. पण खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा, तेव्हा मार्थाबाई मान खाली घालायच्या, हे मी बघत होते.

एकदा मार्थाबाईंनी धीर केला. “इंदिराबाई, दह्यातला करते. नवं पातेलं आणते. तुम्ही समोर उभ्या राहा. मग तर खाल?”

इंदिराबाई टेबलावरच्या वह्या सारख्या करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “तूप मी घरचं आणेन.”

रविवारी सकाळी आम्ही राजारामपुरीत जमलो. इंदिराबाई पदर खोचून चुलीपाशी उभ्या. पीठ बघितलं, दही हुंगलं, चमचे पुन्हा धुवायला लावले. रूथमावशी सगळं मुकाट्यानं सोसत होत्या. तेवढ्यात परसातून मावशींची तांबडी कोंबडी टुकूटुकू चालत थेट स्वयंपाकघरात आली आणि मान वाकडी करून पातेल्याकडं बघायला लागली.

इंदिराबाई किंचाळल्या, “ही इथं कशाला?”

मावशी दही घुसळता घुसळता म्हणाल्या, “बघाय आलीया बिचारी. तिला न इचारता केक हुतोय तरी कसा!”

मी इंदिराबाईंना मोठ्यानं हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. केक खाल्ला, वर आणखी मागून घेतला. आणि सोमवारी त्यांची खुर्ची मार्थाबाईंच्या शेजारी होती. ती पुढं कधी हलली नाही.

•

आता माझी फजिती. मला ती कृती लिहून हवी होती. गणिताची बाई ना मी! वही-पेन्सिल घेऊन मावशींपुढं बसले.

“पीठ किती?”

“मावंल तेवढं.”

“लोणी?”

“लाज न वाटंल इतपत.”

“बरं, भाजायचं किती वेळ?”

“तीन गीतं. समद्या कडव्यांची.” मावशी केक चुलीवर ठेवला की देवळातली, म्हणजे चर्चमधली, गीतं म्हणायच्या. तिसरं संपलं की झाकण काढायच्या. “मी काय घड्याळ बांधून बसतो व्हय?” त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका ‘मी करतो, मी बसतो’च म्हणतात, त्यात मावशी तर पक्क्या.

मला ती गीतं येईनात. घरचं घड्याळ नेमकं दुरुस्तीला गेलेलं. इंदिराबाई म्हणाल्या, “त्यात काय! अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं म्हणायची. मी येते सोबतीला.”

शेगडीवर वाळू घातलेलं पातेलं, त्यात केकचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. आम्ही दोघी पाटावर बसलो. सहा आवर्तनं झकास झाली. सातव्याला इंदिराबाईंनी हात वर केला. “थांबा. कुसुमबाई, तुमचा ‘ष’ पोटफोड्या होत नाहीये. हे आवर्तन धरायचं नाही. पुन्हा.”

पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. सातवं आवर्तन आम्ही पाच वेळा म्हटलं. मला जळका वास येत होता, पण मध्ये उठायचं कसं?

झाकण काढलं तेव्हा आत कोळसा होता. पण तेव्हापासून माझा ‘ष’ असा झालाय, की खुद्द इंदिराबाईंनी वाखाणावा!

•

शाळेच्या स्नेहसंमेलनाला मोठा केक करायचं ठरलं. घरच्या शेगडीवर मावेना म्हणून गंगावेशीजवळच्या एका भट्टीत भाजायला दिला. तिथं बायका नानकटाईचे पत्रे घेऊन रांगेत उभ्या असायच्या, तशीच आमची परात ठेवून आलो. संध्याकाळी आणायला बंडूमामा गेले आणि रिकामी परात घेऊन आले. भट्टीवाल्या चाचांनाही पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या ऑफिसात एक पैलवान येऊन उभा राहिला. शेजारच्या तालमीतला. दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागलं. एवढा देह, पण मान खाली आणि पटका हातात.

“चूक झाली, बाई. मला वाटलं, वस्तादांनी खुराक ठेवलाय.”

मोठ्या बाईंनी चष्म्यातून वर बघितलं. त्यांच्या त्या नजरेला इन्स्पेक्टरसुद्धा घाबरायचे. “किती खाल्लास?”

“समदा.”

“साठ मुलींचा केक होता तो!”

पैलवान घाम पुसत उभा. आता ह्याला अंगठे धरायला लावतात की काय, असं आम्हाला वाटलं. पण मोठ्या बाईंना वेगळीच काळजी होती. परात भट्टीतून लवकर काढली गेली की काय? त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “भाजला होता ना नीट?”

पैलवान चुळबुळला. मग अगदी अदबीनं म्हणाला, “मधी जरा कच्चा हुता, बाई. पर म्या कुणाला बोललो न्हाय!”

•

आणि हा शेवटचा.

इंदिराबाईंची भाची सुधा त्यांच्याकडंच वाढली. बी.ए. झालेली, हुशार, उंचीनं ताडमाड. तीन ठिकाणांहून नकार आले होते. घरात कुणी बोलत नसे, पण पोरीचं हसणं कमी झालं होतं. चौथं स्थळ सांगलीचं. हे स्थळ जुळलं आणि सुधा आज सांगलीत सुखानं नांदते आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

पाहुणे येणार म्हटल्यावर प्रश्न पडला, सुधानं करायचं काय? पोहे केले की लगदा, शिरा केला की गोळा. एकच गोष्ट तिला झकास जमायची, ती रूथमावशींनी शिकवलेली. दह्यातला सफरचंदाचा केक! इंदिराबाई आधी तयार नव्हत्या. “सांगलीकर फार कर्मठ आहेत हो!” पण सुधा म्हणाली, “आत्या, मला जे येतं तेच दाखवीन. उगाच दुसऱ्याचं केलेलं माझं म्हणून नको.” इंदिराबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं तुपाचा डबा काढून दिला.

मी आणि मार्थाबाई धीर द्यायला गेलो होतो. मुलगा, आई-वडील आणि मुलाचे आजोबा आले. आजोबा म्हणजे सगळं घर त्यांच्या शब्दावर. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यात घरून आणलेलं.

बशी पुढं आली. आजोबांनी लांबूनच विचारलं, “हे काय?”

“केक,” सुधा म्हणाली. “मी केलाय.”

मुलाची आई मुलाच्या वडिलांकडं बघायला लागली.

“विलायती?” आजोबांनी विचारलं.

इंदिराबाई पुढं झाल्या. “छे, कृती कोडोलीची. गूळ वडगावचा. तूप आमच्या घरचं.”

“पण ह्यात ते... ते असतं म्हणतात.”

“अंडं? मुळीच नाही! दही आहे. मी स्वतः समोर उभी होते. देवाशपथ सांगते.” मार्थाबाईंनी माझा हात असा घट्ट धरला, की बांगडी रुतली.

आजोबांनी बशी हातात घेतली. केक हुंगला. बोटानं हलकेच दाबून बघितला. एक घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. सुधा मान वर करून सरळ त्यांच्याकडं बघत होती.

आजोबांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. बशी रिकामी केली. उपरण्याच्या टोकानं बोटं पुसली आणि सुधाकडं बघून मान डोलावत म्हणाले,

“वा, मुली! चव उत्तम. ओलावाही कसा अगदी बरोबर उतरलाय. फक्त दोन अंडी फेटून घातली असतीस ना, तर अजून हलका झाला असता!”