बाहेरून कडी लावू नये

आमच्या लालबागच्या चाळीत कोणाला वेड लागत नाही, कावीळ होते. दोन वर्षांपूर्वी मला झाली ती हीच. मी झोपेनाशी झाले, गॅलरीत उभी राहून चाळ कशी चालवावी यावर भाषणं देऊ लागले, तेव्हा आई आणि धाकट्या भावाने मला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि मजल्यावर सांगितलं, "कावीळ झालीय, विश्रांती हवी." मजला भारी प्रेमळ. दारात उसाच्या रसाच्या पिशव्या आणि भाजक्या चण्यांच्या पुड्या येऊन पडल्या. गावाहून अंगारा आला. डॉक्टरकडे मला सगळ्यात शेवटी नेलं, रस आणि अंगारे थकल्यावर.

आता मी बरी आहे. गोळ्या घेते, कामावर जाते, चाळीच्या मीटिंगमध्ये गप्प बसते, म्हणजे किती बरी बघा. परळच्या माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता डोकं ठिकाणावर आहे तर लिहून ठेवा: पुन्हा आजार उलटला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, तुमच्या वतीने कोणी ठरवायचं. कायद्याने तसा हक्क दिलाय. मी लिहिलं. तडक याच डॉक्टरांकडे न्यावं. ज्या औषधाने हात थरथरत होते ते शक्यतो देऊ नये. लोकांना कावीळ सांगू नये. आणि बाहेरून कडी लावू नये. बाकीचं खोडलं तरी चालेल, पण हे एक राहिलंच पाहिजे, कारण त्या बंद दाराची भीती अजून गेलेली नाही.

प्रतिनिधी म्हणून भावाचं नाव घातलं. भाऊ विमा एजंट. लालबागपासून शिवडीपर्यंत लोकांच्या घरी जाऊन, त्यांचाच चहा पीत, "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर" अशी सुरुवात करतो. त्याच तोंडाने मला म्हणाला, "ताई, असलं निगेटिव्ह लिहायचं नाही. मी सही केली तर तू परत आजारी पडणार हे मान्य केल्यासारखं होतं ना."

"तुझ्या फॉर्मवर सह्या केलेले सगळे मेले काय रे?"

"ते वेगळं."

आईने त्याची बाजू घेतली. "अभद्र बोलू नको गो. वास्तू तथास्तु म्हणता."

आमच्या वास्तूचं मला नवल वाटतं. चाळीचा पुनर्विकास होऊ दे, मुलाचं लग्न जमू दे, म्हणून आई रोज दिवा लावते, तेव्हा तथास्तु म्हणायला ही कुठे जाते?

तरी मी कागद मोठ्याने वाचला. कडीपाशी येताच आईने थांबवलं. "ह्या काढ."

"हेच राहणार. माणसाला कोंडायचं आणि वर रस पाजायचा, लाज नाही वाटली?"

आईचा आवाज चिरकला. "तू कठड्यार चढलेलंस. तिसऱ्या माळ्याच्या. मी पाय धरून ठेवलंय तुझे. माका दुसरा काय सुचाक नाय."

मला हे आठवत नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं; घरातल्या घरातसुद्धा कावीळच चालू होती. भावाकडे पाहिलं तर तो खाली मान घालून बसलेला. माझी सगळी तडतड तिथेच संपली. मला आईची दया आली आणि स्वतःची भीती वाटली.

आई कागदावर बोट ठेवत म्हणाली, "मग असा लिही. कडी आतून लावूची. मी आत असतलंय तुझ्यावांगडा."

मी तसं लिहिलं. भावाचं नाव खोडून आईचं घातलं. तिने एकेक अक्षर लावत सही केली आणि पेन हातातच ठेवून विचारलं, "आणि माकाच काय झाला तर?"

भाऊ उठला, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.