पहिलं माप

मंडळीतले लोक महागूला समाधानी माणूस म्हणत. बालाघाटच्या त्या लहानशा चर्चमध्ये रविवारची उपासना संपून साक्ष द्यायची वेळ आली, की मोतीलाल पाळक आधी त्याच्याकडे बघत. महागू उठे, टोपी हातात घेई आणि सांगे, की प्रभू देतो तेवढ्यात माझं भागतं, दुसऱ्याच्या ताटात मी बघत नाही. ते खोटं नव्हतं, निदान तो खोटं बोलत नव्हता. मिशनतर्फे दुधाची पावडर वाटली जाई, तेव्हाही तो रांगेत उभा राहत नसे.

तो दुलीचंद शेठच्या गोदामात मापारी होता. साल एकोणसाठ. सरकारी किलोचे काटे अजून गोदामात यायचे होते, धान कुडोनं मोजत. कुडो म्हणजे लोखंडी माप; वीस कुडो भरले की एक खंडी. मापारी पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नसे, 'राम' म्हणे. खरी मोजणी दुसऱ्या मापापासून सुरू व्हायची. ते पहिलं माप मोजणीत धरलं जात नसे. ते गोदामाचं, आणि त्यातला चौथा हिस्सा मापाऱ्याचा. आजोबा-पणजोबांपासूनची रीत होती.

महागूच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा या 'राम'वरून मोठी बोलणी झाली होती. बाप शेठच्या वडिलांसमोर हात जोडून उभा राहिला, नोकरी गेली तरी चालेल पण तोंडातून आता ते नाव निघणार नाही म्हणाला. अखेर 'लाभ' या शब्दावर तडजोड झाली. मंडळीत ही गोष्ट अभिमानानं सांगत. महागूही बापामागून वीस वर्षं 'लाभ' म्हणत आला, आणि आपला धर्म आपण स्वच्छ राखला असं त्याला वाटत राहिलं.

मार्गशीर्षात किरनापूरकडची रुख्माबाई एक खंडी धान घेऊन आली. एकटी बाई, तीन एकरांची धनीण, दरवर्षी येणारी. मोजणी एकोणीसवर संपली.

"घरी वीस भरले होते, महागूभाऊ," ती म्हणाली.

"पहिलं लाभाचं असते ना, बाई."

"हौ, ते मले मालूम हाय. दरसाल जाते. मी इतकंच इचारून राह्यली, ते जाते कोनाच्या घरी?"

"गोदामाची रीत हाय ते."

"तुमी तं रीती सोडलेली मानसं म्हनतेत. राम म्हनत नाई मापताना." ती रिकामी पोती घडी करत होती, आवाजात राग नव्हता. "मंग नाव सोडलं अन् धान काहून नाई सोडलं?"

एवढं बोलून ती बसची वेळ विचारायला लागली. महागूनं वेळ सांगितली. ती गेली.

घरी अनुसयेनं भात वाढला. महागूनं डोळे मिटून आभार मानले, रोज मानतो तसे, आणि मग ताटाकडे बघत बसला. हा भात कुणाच्या शेतातल्या बांधीतला, हे त्याला सांगता आलं नसतं. शंभर माणसांच्या ओंजळी त्यात मिसळल्या होत्या. दुसऱ्याच्या ताटात बघत नाही असं तो म्हणे. दुसऱ्याचं धान तर त्याच्याच ताटात होतं. त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

अनुसया भाताचं भांडं झाकत म्हणाली, "इतके वर्सं तुमाले हे समजत नोतं?"

"तुले समजत होतं?"

"मले वाटे, तुमी देवासंग बोलून ठेवलं असन."

रविवारी तो साक्षीला उठला तेव्हा टोपी त्याच्या हातात चुरगळली होती. तो म्हणाला, मी चोर आहे, आणि पहिल्या मापाचं सगळं सांगितलं. मोतीलाल पाळक म्हणाले, असं कोवळं मन देव प्रत्येकाला देवो. चर्चबाहेर, रेल्वेत नोकरीला असलेला भैयालाल त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, तो तं तुया पगारच झाला ना बाबू. उगाच काहून जिवाले लावून घेतं?" दोन बायका आपल्या पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून काही सांगत होत्या. कबुली देऊन तो त्यांच्या नजरेत आणखी मोठा झाला होता. घरी जाताना त्याला वाटलं, आपण हेही चोरलं.

सोमवारी पहिलं माप ओतताना तो मोठ्यानं म्हणाला, "एक."

शेठनं गादीवरून मान वर केली. "तबीयत ठीक है ना, महागू?"

"ठीक हाय, शेठ."

"तो गिनती भी ठीक करो."

"दोन," महागू म्हणाला.

ज्याचं धान होतं तो शेतकरीच घाबरला. "बाबा, रीतीनंच माप ना. शेठ माल परत करन, मंग मी कुठं नेऊ?"

महागूनं ती खंडी वीस कुडोंची मोजून दिली. दुपारी शेठनं कुडो दुसऱ्या माणसाच्या हाती दिला. शिव्या दिल्या नाहीत, फक्त म्हणाला, "धरम तुम्हारा, गोदाम मेरा. बोरे उठाना हो तो उठाओ." पंचेचाळिसाव्या वर्षी महागू हमाल झाला.

पोती वाहून मिळायचं ते थोडं होतं. घरात संध्याकाळी भाताऐवजी पेज शिजू लागली. अनुसया कुरकुरली नाही असं नाही, पण भांड्यावरचं झाकण निघून पेजेचा वास आला की महागूचा जीव थोडा निवायचा. रोजच्या भाकरीची प्रार्थना तो लहानपणापासून म्हणत होता; आता त्यातल्या मागण्याला माप होतं. जे मागायचं तेवढंच येत होतं, आणि जे येत होतं त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

पहिल्या महिन्याच्या मजुरीतून त्यानं बाजारात एक कुडो धान विकत घेतलं आणि बसनं किरनापूरला उतरून रुख्माबाईच्या अंगणात नेऊन ठेवलं.

तिनं पोतडीत हात घालून दाणे बघितले. "चांगला हाय दाना. बसा, चाय टाकते." मग चुलीकडे जाता जाता थांबली. "एकच आनला काय, महागूभाऊ?"

"तुमीच म्हनलं होतं, घरी वीस भरले होते..."

"म्या यंदाचं म्हनलं. मी अकरा वर्सं येऊन राह्यली तुमच्याकडं."

महागूची मान खाली गेली. जे बोललं गेलं, तेवढंच त्यानं मोजलं होतं. त्याला वाटलं, ती आता म्हणेल, जाऊ द्या. ती तसं म्हणाली नाही.

"सवडीनं आना," ती म्हणाली आणि चहा गाळायला बसली.

तिचे अकरा कुडो पुरे व्हायला दोन वर्षं गेली. शेवटचा कुडो उतरवून घेताना तिनं त्याला परसातल्या वालाच्या शेंगा दिल्या आणि तो त्या घेऊन आला. पण बाकीचे लोक, लांजीचे, परसवाड्याचे, गाडी घेऊन एकदाच आलेले, नावंही न सांगता गेलेले, ते कुठं शोधायचे, हे त्याला कुणी सांगू शकलं नाही. मोतीलाल पाळकही नाही. ते म्हणाले, त्यांच्यासाठी प्रार्थना कर. तो करत होता. करताना त्याला चेहरे आठवायचे नाहीत, फक्त पोत्यांची तोंडं सोडणारे हात आठवायचे.

साक्षीच्या वेळी पाळक अजूनही आधी त्याच्याकडेच बघत. महागू बसल्या जागी मान हलवून नाही म्हणे. मग भैयालाल उठे.