उंची घटलेली पोरं

उंची मोजायच्या कामात उंचीपेक्षा किस्सेच भराभर वाढतात. शहादा तालुक्यात मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका. दर महिन्याला प्रत्येक पोराची उंची मोबाइलमध्ये भरली जाते, आणि आकडा चुकला की साहेबांचा फोन मलाच!

एकदा एक पोरगी महिन्याभरात चक्क घटली. मी आमच्या मंगलताई सेविकेला झापलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मागच्या महिन्यात तिला दोन वर्षं पूर्ण नव्हती, पाटावर झोपवून मोजली. आता उभी करून मोजली. उभं राहिलं की माणूस जरा दबतंच." नियमही तसाच आहे.

दुसऱ्या एका ताईने वजनाच्या जागी उंची भरली. मोबाइलवर सत्त्याऐंशी किलोचं पोर! साहेबांनी विचारलं, याला खायला काय घालता? ताई म्हणाली, "तुम्ही पाठवता तेच, साहेब."

एक कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं. मंगलताईने पोराच्या बापाला फोनवर उंची विचारली. टेप कुठला असणार तिथे? त्याने पोराएवढा ऊस तोडला आणि गावी येणाऱ्या भावाच्या हाती दिला. भाऊ नवापूरमार्गे आला, ऊस ताईच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "एक पेर वाढाईसन लिखा, ताई. रस्तामा भूक लागनी व्हती."

पण आरती नावाच्या पोरीच्या वेळी मात्र मला हसू सुचत नव्हतं. दीड वर्षाची पोर, तीन महिने उंची जागची हलेना. मंगलताई काळजीने अर्धी झाली होती. त्यातच साहेब तपासणीला आले. आरती पाटावर आडवी होती. साहेबांचा फोन वाजला आणि ते घाईत तिला ओलांडून दाराकडे गेले. तिची आजी, सुपडाबाई, दारातच आडवी उभी राहिली.

"साहेब, मन्ही नातले तुम्हीन वलांडं. आते उलटं वलांडा, नहीतं ती वाढाव नही."

साहेब हसले, जीपमध्ये बसले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून आजीने आरतीला पाठवणंच बंद केलं. खाऊ बंद, अंडं बंद, मोजणी बंद. मंगलताई तीनदा घरी जाऊन आली. आजीचं एकच, आधी साहेबांना आणा. मला खरंच भीती वाटायला लागली. अशा पोरीचं खाणं तुटणं म्हणजे खेळ नाही. शेवटी धीर करून मी साहेबांना सगळं सांगितलं.

सोमवारी जीप आली. साहेबांनी बूट काढले. आजीने आरतीला पाटावर निजवलं, आणि साहेब तिला उलटे ओलांडून गेले. कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून अंगणवाडीचं कुलूप निघायच्या आधी आजी आरतीला घेऊन दारात हजर. अंडं पोरीच्या पोटात जाईपर्यंत उठायची नाही.

दोन महिन्यांनी आरती बोटभर वाढली. मी आनंदाने साहेबांना फोन केला. ते हळूच म्हणाले, "मॅडम, तपासणीच्या दिवशी मी अजून कोणाला ओलांडलं होतं का?"